रिफर्बिश्ड की नवा: कॅमेरा घेताना कसे ठरवावे आणि काय तपासावे

कॅमेरा घ्यायला निघालेल्या बहुतेकांपुढे एकच पेच असतो. हाताशी असलेल्या पैशांत साधी पण कोरी करकरीत बॉडी, म्हणजे लेन्सविना कॅमेरा, घ्यावी, की तेवढ्याच पैशांत वरच्या दर्जाची, पण आधी दुसऱ्या कुणाच्या हातून गेलेली रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली, बॉडी घ्यावी? याला सरसकट उत्तर नाही, पण उत्तरापर्यंत नेणारी एक खात्रीची वाट आहे. कॅमेरा कुणी उघडला, त्यात नेमके काय बदलले आणि उद्या तो बंद पडला तर जबाबदारी कुणाची, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत असतील, तर रिफर्बिश्ड कॅमेरा घेणे हा अत्यंत शहाणपणाचा व्यवहार ठरू शकतो. ती मिळत नसतील, तर जाहिरातीत शब्द कोणताही असो, तो एक वापरलेला कॅमेरा आहे असे धरूनच भाव करावा.

पायरी १: शब्दांमागची वस्तू ओळखा

‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकायला येणारे कॅमेरे अनेक वाटांनी आलेले असतात. कुणी खोका उघडून दोन दिवसांत परत केलेला असतो, कुठे दुकानात मांडून ठेवलेला नमुना असतो, कुठे वाहतुकीत फक्त खोका दबलेला असतो, तर कुठे वॉरंटीत बदलून दिलेल्या कॅमेऱ्याची दुरुस्ती केलेली असते. खुद्द उत्पादक कंपनी असा कॅमेरा आपल्या सेवा केंद्रात तपासते, मूळ सुटे भाग वापरून दुरुस्त करते, फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत करते आणि स्वतःच्या वॉरंटीसह विकते, तेव्हा त्या शब्दाला खरे वजन असते. एखाद्या दुकानाने केलेले रिफर्बिशिंग उत्तम असू शकते, पण काही ठिकाणी ते बॉडी पुसून बॅटरी चार्ज करण्यापलीकडे जात नाही. ‘ओपन बॉक्स’ म्हणजे बहुधा उघडून परत आलेली, जवळपास न वापरलेली वस्तू. ‘सेकंड हँड’ म्हणजे आहे त्या स्थितीत विकलेली. ‘ए ग्रेड’, ‘नव्यासारखा’, ‘उत्तम’ या श्रेणी प्रत्येक विक्रेता आपापल्या मापाने लावतो आणि त्या प्रामुख्याने बाहेरच्या दिसण्यावर ठरतात. त्यामुळे श्रेणी वाचण्याआधी त्या विक्रेत्याने दिलेली श्रेणीची व्याख्या वाचावी.

पायरी २: तुमच्या कामाला किती जुनी पिढी पुरेल ते पाहा

रिफर्बिश्ड बाजारात मिळतो तो बहुधा मागच्या किंवा त्याच्याही मागच्या पिढीचा कॅमेरा. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत कॅमेऱ्यांत काय सुधारले आणि काय जवळजवळ तसेच राहिले, हे समजून घेणे आवश्यक आहे. स्थिरचित्राचा मूळ दर्जा फार बदललेला नाही. २०१४ मध्ये आलेल्या निकॉन डी७५० चा २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, आजही निसर्गचित्रे, व्यक्तिचित्रे आणि वस्तूंचे फोटो यांना निःसंशय पुरतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० पिक्सेलचा असतो, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल या काटेकोर हिशेबानेही तो २० × १३ इंचांपर्यंत स्वच्छ छापता येतो.

झपाट्याने सुधारले ते ऑटोफोकस, व्हिडिओ आणि सलग फोटो काढण्याचा वेग. धावत्या मुलाच्या किंवा उडत्या पक्ष्याच्या डोळ्याला चिकटून राहणारा फोकस मागच्या काही वर्षांतच खऱ्या अर्थाने भरवशाचा झाला. पक्षी, खेळ, नृत्य किंवा गंभीर व्हिडिओ हे तुमचे काम असेल, तर दोन पिढ्या मागचा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी रोजच्या रोज अडवत राहील. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून डोंगर, वास्तू किंवा टेबलावरच्या वस्तू टिपणाऱ्याला मात्र तो फरक जाणवणारही नाही, आणि वाचलेले पैसे चांगल्या लेन्सकडे वळवता येतील. माझ्या मते हाच रिफर्बिश्ड खरेदीचा सर्वांत मोठा लाभ आहे, कारण बॉडी काही वर्षांत मागे पडते, तर नीट जपलेली लेन्स दोन-तीन बॉडींना पुरून उरते.

पायरी ३: माउंटचे भविष्य तपासा

बॉडी स्वस्त मिळते आहे याचे कारण कधीकधी तिच्या माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवण्याच्या खोबणीत, दडलेले असते. निकॉन १ ही २०११ मध्ये सुरू झालेली मालिका २०१८ मध्ये बंद झाली. सॅमसंगने आपली एनएक्स मालिका सोडून दिली. कॅननच्या ईएफ-एम माउंटलाही पुढचा मार्ग उरला नाही. अशा बॉडी चांगल्या चालत असल्या तरी नव्या लेन्स येत नाहीत आणि सुटे भाग दुर्मीळ होत जातात. निकॉनचा १९५९ पासूनचा एफ माउंट आणि कॅननचा १९८७ पासूनचा ईएफ माउंट यांची गोष्ट वेगळी आहे. या कंपन्यांचा भर आता २०१८ मध्ये आलेल्या झेड आणि आरएफ माउंटवर असला, तरी जुन्या लेन्सचा साठा प्रचंड आहे आणि त्या अॅडॅप्टरने नव्या बॉडीवर लावता येतात. त्यातही बारकावा आहे: कॅननच्या ईएफ लेन्स आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात, पण निकॉनच्या ज्या जुन्या लेन्सना फोकससाठी बॉडीतल्या मोटरची गरज लागते, त्यांचा ऑटोफोकस एफ माउंटच्या लेन्स झेड बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अॅडॅप्टरवर चालत नाही. आज बॉडी घेताना पाच वर्षांनी तिच्या लेन्स कुठे लावणार, याचा विचार याच टप्प्यावर करावा.

पायरी ४: खरी किंमत मांडा

नव्या आणि रिफर्बिश्ड कॅमेऱ्याच्या छापील किमतींची वजाबाकी करून थांबू नये. रिफर्बिश्ड संचात मूळ चार्जर नसेल, बॅटरी दमलेली असेल, कार्ड वेगळ्या प्रकारचे लागत असेल, तर तो सगळा खर्च त्याच बाजूला मांडावा. एक्सक्यूडी किंवा सीएफएक्सप्रेस या प्रकारचे वेगवान मेमरी कार्ड लागणारी बॉडी घेणाऱ्याला कार्डांच्या किमतीनेच धक्का बसू शकतो. शिवाय वॉरंटी संपल्यानंतर एक मोठी दुरुस्ती करावी लागली तर काय होईल, तेही अंदाजात धरावे. एवढे करून फरक नव्या किमतीच्या पाचव्या हिश्शाहून कमी उरत असेल, तर मी नवाच कॅमेरा घेण्याचा सल्ला देतो. फरक तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असेल आणि वॉरंटी लेखी असेल, तर रिफर्बिश्डचे पारडे जड होते. नव्याची किंमत पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पुढचे मॉडेल जाहीर झाले की आधीच्या मॉडेलचा नवा साठाही अनेकदा उतरत्या भावाने निघतो.

पायरी ५: शटर काउंट वाचा, पण त्याच्या मर्यादेत

यांत्रिक शटर, म्हणजे प्रत्येक फोटोला सेन्सरसमोर उघडमीट करणारा पडदा, ही झिजणारी वस्तू आहे, म्हणून उत्पादक तिचे अपेक्षित आयुर्मान क्लिकच्या संख्येत सांगतात; शटर काउंट म्हणजे आजवर झालेले क्लिक. निकॉन डी३५०० सारख्या प्राथमिक बॉडीसाठी ते १,००,००० आहे, कॅनन ५डी मार्क ४ साठी १,५०,०००, निकॉन डी८५० आणि सोनी ए७ ३ साठी २,००,०००, तर निकॉन डी५ सारख्या व्यावसायिक बॉडीसाठी ४,००,०००. हे चाचणीतून काढलेले आकडे आहेत. शटर त्याआधी जाऊ शकते आणि त्यानंतरही कितीतरी चालू शकते.

या आकड्याला अर्थ येतो तो तुमच्या वापराशी ताडून पाहिल्यावर. २,००,००० आयुर्मानाच्या बॉडीचे ८०,००० क्लिक झाले असतील, तर १,२०,००० उरतात. वर्षाला ८,००० फोटो काढणाऱ्या हौशी माणसाला ते १५ वर्षे पुरतील, म्हणजे शटरआधी कॅमेराच जुना होईल. एका समारंभात ३,००० फोटो काढणारा आणि वर्षाला ४० समारंभ करणारा व्यावसायिक तेवढेच क्लिक एका वर्षात संपवतो.

आकडा मिळवायचा कसा, हे कंपनीगणिक बदलते. निकॉनच्या फोटोंच्या एक्झिफ माहितीत (फोटोच्या फाइलीतच साठलेल्या नोंदींत) तो सहसा नोंदलेला असतो, म्हणून विक्रेत्याकडून त्याच दिवशी काढलेला, कोणताही बदल न केलेला फोटो मागवावा. कॅननच्या अनेक बॉडींत तो फोटोत नोंदला जात नाही. तेथे विक्रेत्याने सेवा केंद्राचा कागद द्यावा असा आग्रह धरावा. शटर बदलले असेल तर कधी आणि कुणी बदलले, याची पावतीही मागावी. व्हिडिओचे तास आणि इलेक्ट्रॉनिक शटरचा (पडदा न हलवता सेन्सरनेच फोटो घेण्याचा) वापर या आकड्यातून समजत नाही, त्यामुळे दिवसदिवस व्हिडिओसाठी राबवलेल्या बॉडीचा शटर काउंट फसवा कमी असू शकतो. आणि निकॉन झेड९ व झेड८ या बॉडींत यांत्रिक शटरच नाही, त्यामुळे तेथे हा निकष गळून पडतो.

पायरी ६: विक्रेत्याला लेखी विचारा

वॉरंटी किती महिन्यांची, ती उत्पादकाची की दुकानाची, दुरुस्ती मूळ भागांनी होणार का, परत करण्याची मुदत किती दिवसांची आणि परतीचा वाहतूक खर्च कोण सोसणार, हे सगळे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. अनुक्रमांकही आधी मागावा. त्याचा उपयोग फक्त बिलाशी ताडण्यापुरता नसतो. निकॉन डी७५० च्या काही तुकड्यांच्या शटरमध्ये दोष आढळल्यावर कंपनीने २०१५ पासून त्या विनाशुल्क दुरुस्त करून दिल्या आणि कोणत्या बॉडी बाधित आहेत हे अनुक्रमांकावरून पाहण्याची सोय केली. कोणतेही मॉडेल घेताना त्याच्याबद्दल अशी सेवा सूचना निघाली होती का आणि हाती येणाऱ्या बॉडीची ती दुरुस्ती झाली आहे का, हे विचारणे आवश्यक आहे.

बॉडी कोणत्या बाजारासाठी बनली होती, हेही विचारावे. जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या सोनीच्या अनेक बॉडींत मेनू फक्त जपानी भाषेत असतो. परस्पर आयात झालेल्या कॅमेऱ्याची दुरुस्ती स्थानिक सेवा केंद्र नाकारू शकते, हा त्याहून मोठा धोका आहे.

पायरी ७: कॅमेरा हाती आल्यावर पहिल्याच संध्याकाळी

परतीची मुदत खोका आल्या क्षणापासून धावू लागते. खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा, बॉडीच्या तळावरचा अनुक्रमांक बिलाशी जुळवावा आणि मग चांगल्या उजेडात बॉडी हळूहळू फिरवून पाहावी. तळाशी आणि माउंटभोवती असलेल्या स्क्रूंच्या खाचा पाहा: कडा चिरडल्या असतील तर बॉडी अयोग्य हत्याराने उघडली गेली आहे. बॅटरीच्या कप्प्यातील पितळी संपर्कांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली, तर पाणी किंवा खारी हवा आत गेली होती असे समजावे आणि बॉडी तत्काळ परत करावी, कारण गंज एकदा सर्किटपर्यंत पोचला की दुरुस्तीला शेवट राहत नाही. हॉट शूचा (वरच्या बाजूस फ्लॅश बसवण्याच्या खाचेचा) रंग घासलेला असणे, पट्ट्याच्या कड्या झिजलेल्या असणे ही भरपूर वापराची लक्षणे आहेत, दोषाची नव्हेत. बॉडी हलवल्यावर आत काहीतरी खुळखुळले तर लगेच घाबरू नये. हाताची थरथर सावरणारे स्थिरीकरण बॉडीतच असलेल्या अनेक कॅमेऱ्यांत बंद स्थितीत सेन्सर मोकळा असतो आणि असा आवाज येतो.

त्यानंतर सेन्सर तपासावा. लेन्सचे अॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/१६ वर, म्हणजे बरेच लहान, ठेवून, फोकस मुद्दाम चुकवून, निरभ्र आकाशाचा किंवा समान उजेड पडलेल्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो संगणकावर पूर्ण आकारात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावा. धुळीचे कण करड्या, धूसर ठिपक्यांसारखे दिसतात. फोटोत वर दिसणारा कण सेन्सरवर खाली असतो, कारण सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. रबरी ब्लोअरने उडणारी धूळ हा दोष नाही; तोंडाने फुंकर मात्र कधीही मारू नये. ब्लोअरने न हलणारे, कडा स्पष्ट असलेले ठिपके तेलाचे असू शकतात. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये शटरमुळे असे ठिपके पुन्हा पुन्हा उमटत आणि अखेर २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या बॉडींचेही शटर विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले.

ही चाचणी मी किती उशिरा केली होती, ते येथे सांगायला हवे. एका विक्रेत्याकडून ‘नव्यासारखी’ म्हणून घेतलेली बॉडी मला आठवडाभर निर्दोष वाटली, कारण मी घरात एफ/२ आणि एफ/२.८ अशा मोठ्या छिद्रावरच फोटो काढत होतो आणि तेथे असे ठिपके दिसत नाहीत. आठव्या दिवशी एफ/१६ वर काढलेल्या आकाशात उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपक्यांचा पुंजका दिसला, ब्लोअरने तो तसूभरही हलला नाही आणि विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागितल्यावर असा अहवाल बनवलेलाच नव्हता असे कळले. परतीच्या मुदतीचे दोन दिवस शिल्लक होते, एवढ्यामुळेच माझे पैसे परत मिळाले. तेव्हापासून बॉडी हाती आली की माझा पहिला फोटो एफ/१६ वरच असतो.

पिक्सेल तपासण्यासाठी लेन्सवर झाकण लावून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर एक सेकंदाचा फोटो काढावा. काळ्या चौकटीत सुईच्या टोकाएवढे लाल, निळे किंवा पांढरे बिंदू दिसले तर मेनूतील पिक्सेल मॅपिंग (सदोष पिक्सेल झाकण्याची सोय) किंवा सेन्सर सफाई चालवून पुन्हा पाहावे. तीस सेकंदांच्या फोटोत मोजके तेजस्वी बिंदू दिसणे मात्र नव्या कॅमेऱ्यातही स्वाभाविक आहे. बिंदूऐवजी चौकटभर सरळ रेघ उमटत असेल तर सेन्सरला इजा झालेली आहे. लेझरच्या किरणांनी अशी इजा होऊ शकते, म्हणून रंगमंचावरील कार्यक्रमांत वापरलेल्या बॉडीबाबत ही तपासणी टाळू नये.

शटरसाठी इलेक्ट्रॉनिक शटर आणि इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (पहिल्या पडद्याचे काम सेन्सरने करण्याची सोय) दोन्ही बंद करून, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या पृष्ठभागाचे १/४००० किंवा १/८००० सेकंदाने दहा-पंधरा फोटो घ्यावेत. एखाद्या फोटोची एक बाजू काळवंडली किंवा फोटोंची उजळता एकाआड एक बदलत राहिली, तर शटरचे पडदे एका लयीत धावत नाहीत. ही चाचणी एलईडी किंवा ट्यूबच्या प्रकाशात करू नये, कारण तेथे दिव्याच्या लुकलुकण्यानेच पट्टे उमटतात आणि चांगल्या शटरवर विनाकारण आळ येतो.

बाकीच्या तपासण्या कमी वेळाच्या आहेत. प्रत्येक बटण, प्रत्येक चक्र, दोन्ही कार्ड खाचा, यूएसबी आणि एचडीएमआय जोडण्या वापरून पाहाव्यात. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहण्याच्या छोट्या पडद्यात) पांढऱ्या भिंतीकडे पाहताना स्थिर डाग दिसत असेल, तर त्यावर कधीतरी थेट ऊन पडले असण्याची शक्यता असते. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर तिरक्या ठेवलेल्या मोजपट्टीवर एका ठरावीक आकड्यावर फोकस करून तो पुढे-मागे सरकतो का, हे पाहावे. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच ठरत असल्याने हा दोष सहसा येत नाही. बॅटरीचे आरोग्य अनेक बॉडी स्वतः सांगतात: निकॉनच्या बऱ्याच बॉडींत बॅटरीचे वय ० ते ४ असे दिसते आणि ४ म्हणजे ती बदलण्याची वेळ; कॅननच्या बऱ्याच बॉडींत तीन हिरव्या खुणांपासून एका लाल खुणेपर्यंत उतरणारे मापन असते. बॅटरी फुगलेली दिसली तर ती बॉडीत घालूच नये.

पायरी ८: सोबत लेन्स घेत असाल तर

लेन्सचा मोठा शत्रू बुरशी आहे आणि ती वापरण्यापेक्षा दमट कपाटात पडून राहण्याने वाढते. म्हणूनच ‘क्वचितच वापरली’ या वाक्याने लेन्सच्या बाबतीत निर्धास्त होऊ नये. अॅपर्चर पूर्ण उघडून, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकून पुढून तिरके पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू किंवा दुधाळ साय स्पष्ट दिसते. धुळीचे चार कण सोडून द्यावेत. तंतू दिसले तर लेन्स घेऊ नये. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असेल तर ती पाती रेंगाळतात आणि फोटो अधूनमधून जास्त उजळ येतो. शेवटी विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा अगदी समांतर लावून, सर्वांत मोठ्या अॅपर्चरवर फोटो काढावा आणि चारही कोपरे ताडून पाहावेत. एकच कोपरा मऊ, म्हणजे अस्पष्ट, आला तर आतले भिंग जागेवरून सरकलेले आहे, बहुधा पडल्यामुळे.

पायरी ९: जेथे नवाच घ्यावा

पाण्याखाली चालणारे छोटे कॅमेरे मी उत्पादकाव्यतिरिक्त कुणाकडूनही रिफर्बिश्ड घेत नाही, कारण एकदा उघडलेल्या बॉडीची जलरोधक सीले पुन्हा तितकीच घट्ट बसली आहेत, हे घरी तपासण्याचा सुरक्षित मार्ग नाही. आतबाहेर सरकणारी लेन्स असलेल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचेही तसेच: धूळ आत शिरली की पूर्ण कॅमेरा सोडवावा लागतो आणि खर्च किमतीच्या जवळ जातो. नुकतेच बाजारात आलेले मॉडेल रिफर्बिश्ड मिळत असले तरी सूट थोडी असते. बॅटरी आणि मेमरी कार्ड कायम नवी, मूळ कंपनीची आणि बिलासह घ्यावीत. ज्याची रोजची कमाई एकाच बॉडीवर अवलंबून आहे, त्याने मुख्य बॉडी नवी आणि राखीव बॉडी रिफर्बिश्ड घेतली, तर दोन्हींचे फायदे पदरात पडतात.

पायरी १०: मुदत संपण्याआधी

घरातल्या चाचण्या झाल्यावर एक पूर्ण दिवस कॅमेरा आपल्या नेहमीच्या कामावर न्यावा. सलग फोटो काढावेत, तासभर तरी व्हिडिओ घ्यावा, बॉडी तापल्यावर बटणे आणि ऑटोफोकस तसेच चालतात का ते पाहावे. परतीच्या मुदतीला दोन दिवस उरले असताना सगळ्या फाइली मोठ्या पडद्यावर तपासून निर्णय घ्यावा आणि शंका असेल तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोटोंसह लेखी कळवावे. कॅमेरा ठेवायचा ठरला तर आकाशाचा, झाकणाचा आणि विटांच्या भिंतीचा मूळ फोटो बिलासोबत एका फोल्डरमध्ये जपून ठेवावा. सहा महिन्यांनी सेन्सरवर डाग उमटला, तर तो आधीपासून नव्हता हे सेवा केंद्राला दाखवायला तेच फोटो उपयोगी पडतात.